दोन बाजारांपासून

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मॅडम, इथे डिप्रेशनचे पेशंट नाहीतच. पोरांची डोकेदुखी मात्र फार आहे.’ तुला रुजू होऊन जेमतेम दीड महिना झालाय. ही दोन वाक्यं एकच आहेत हे कळायला मला सहा वर्षं लागली, तेव्हा तुला काय बोलणार! रेंज जात होती म्हणून म्हटलं, लिहूनच काढते. वाचून झालं की टेबलाच्या खणात ठेव. तुझा बॉण्ड संपला की पुढच्याला उपयोगी पडेल.

आधी माझी चूक सांगते. डहाणूच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पीएचसीत होते तेव्हा आश्रमशाळेतली नववीची एक मुलगी डोकं दुखतं म्हणून आली. पॅरासिटामॉल आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी पुन्हा आली, या खेपेला पोटात दुखतं म्हणून. मी जंताची गोळी दिली आणि अधीक्षिकाबाईंना म्हटलं, परीक्षा जवळ आली की पोरींची पोटं दुखतातच. तिसऱ्यांदा अंग गळून गेलंय म्हणाली, तेव्हा सलाईन लावलं. सलाईनने इकडे सगळ्यांनाच बरं वाटतं, लावणाऱ्यालासुद्धा. चौथ्यांदा तिला रात्री अकरा वाजता जीपमध्ये आडवी घालून आणली. वाचली. मोठ्या दवाखान्यात हलवली, तिथून आईबाप घेऊन गेले ते थेट वीटभट्टीवर, आणि मला ती परत कधी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी मी ओपीडीचं रजिस्टर काढलं. महिन्याभरात तिचं नाव तीनदा, तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात. औषध तिन्ही वेळा लिहिलेलं. परत कधी बोलावलं, ते एकदाही नाही.

म्हणून तुला पहिलं काम सांगते ते रजिस्टर चाळायचं. दर शनिवारी ओपीडी उरकली की मागच्या दोन महिन्यांची पानं उलट. दहा ते एकोणीस वयाचं जे पोर तीनदा आलंय आणि ज्याचा हिमोग्लोबिन, ताप, लघवी यांतून काही हाती लागलेलं नाही, त्या नावाखाली लाल रेघ मार. तुला वाटतंय की पेशंट नाहीत. पहिल्याच शनिवारी चार-पाच रेघा मारशील. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण साधारण ७.३ टक्के निघालं होतं. गंमत अशी की त्या पाहणीच्या बारा राज्यांत गुजरात होतं, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आच्छाडच्या सीमा नाक्यापलीकडे पाहणी झाली, अलीकडे राहिली. तुझं रजिस्टर हीच तुझी पाहणी.

आता भाषेचं. ‘नैराश्य’ हा शब्द इथे फक्त भिंतीवरच्या पोस्टरवर राहतो. वारली, कोकणा, धोडी, मल्हार कोळी, कोणाच्याही घरात तो बोलला जात नाही. पोरं म्हणतात जीव लागत नाय, निज येत नाय, डोक्यात गरगरते, काय खावंसं वाटत नाय. आणि ‘कंटाळा आलाय’ म्हणतात, तिथे कान टवकार. पुण्यामुंबईच्या पोराचा कंटाळा रविवारी दुपारचा असतो. इथे तो कधीकधी जगण्याचा असतो. मुलगे तर एवढंही बोलत नाहीत. ते चिडतात. मोबाईल आपटतात, ताडीच्या मांडवात जाऊन बसतात, शाळा सोडून उंबरगावच्या कंपनीत लागतात आणि पंधरा दिवसांत तेही सोडून येतात. घरचे म्हणतात, माजलाय. तूही चटकन तसंच म्हणशील, कारण तो तुझ्याशीही नीट बोलणार नाही. वयात आलेल्या पोराचं दुःख बरेचदा रागाचे कपडे घालून येतं, एवढं लक्षात ठेव.

तुम्हाला कॉलेजात नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली शिकवली असेल, पीएचक्यू. किशोरांसाठीच्या तिच्या रूपात उदासीबरोबर चिडचिडही विचारलेली असते, तीच वापर. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस, दहा किंवा जास्त आले की गंभीरपणे घ्यायचं. यंत्र चांगलं आहे. फक्त ते कागदावरून वाचून दाखवलंस तर पोर प्रत्येक प्रश्नाला मान हलवेल, कारण डॉक्टरला हो म्हणायचं असतं हे त्याला घरून शिकवलेलं आहे. त्यात ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द आहेत. दोन आठवडे म्हणजे काय, हे मी एका म्हाताऱ्या आशाताईकडून शिकले. ती विचारायची, ‘मागल्या दोन बाजारांपासून असंच आहे का गं?’ आठवडी बाजाराचा दिवस प्रत्येकाला आठवतो. त्या दिवशी काय खाल्लं, कोण भेटलं, जीपमध्ये कुठे बसलो, सगळं. मग एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत किती रात्री झोप लागली ते बोटांवर मोजायला लाव. तीन बोटं मुडपली की उत्तर तुझ्यासमोर असतं.

आणि रस वाटतो का, आनंद वाटतो का, असं विचारू नकोस. कामाचं विचार. क्रिकेटला शेवटचा कधी गेलास? यंदा तारप्यावर नाचलीस की नुसती बघत बसलीस? शाळेत जेवायला कोणाशेजारी बसतेस? वेणी कोण घालतं? वेणीच्या प्रश्नावर मी दोन मुली रडताना पाहिल्यात. वेणी घालणारी मैत्रीण शाळा सोडून गेली होती, एवढंच. पण त्या एवढ्यातून पुढचं सगळं निघालं.

हे सगळं एकटीला विचारायचं. पीएचसीत खोली नसते, ठाऊक आहे. माझ्याकडे इंजेक्शनरूम होती, दुपारी दीडनंतर मोकळी असायची. तीही नसेल तर मागच्या ओट्यावर बस, लोकांना दिसाल पण ऐकू जाणार नाही असं अंतर ठेव. आईला बाहेर थांबवताना ‘मला हिच्याशी बोलायचंय’ म्हणू नकोस, तिच्या पोटात गोळा येतो. ‘या वयाच्या सगळ्याच पोरांना मी पाच मिनिटं एकटं तपासते’ म्हण, आणि खरंच सगळ्यांना तपास, म्हणजे खोटं पडणार नाही. पोराला आधीच सांग की इथलं बोलणं मी बाहेर नेत नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्या अंगाला हात लावत असेल तर मला सांगावंच लागेल. हा अपवाद नंतर सांगशील तर विश्वासघात होईल. पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलामुलीबद्दल असं काही कळलं तर ते कळवणं तुला बंधनकारक आहे. इकडे सोळा-सतराची मुलगी आपल्या मर्जीने मुलाच्या घरी राहायला गेलेली असते, तिथेही कायद्याला तिची मर्जी दिसत नाही. यातून सोपी वाट मला कधी सापडली नाही. आधी सांगून ठेवणं, एवढंच हातात असतं.

मरणाबद्दल विचारायला तू घाबरशील. सगळे घाबरतात, विचारलं तर डोक्यात भरेल असं वाटतं. भरत नाही, तपासून पाहिलेली गोष्ट आहे ती. उलट कोणीतरी विचारलं याने पोराचा खांदा खाली येतो, तू बघशील. पायरीपायरीने जा. सकाळी उठलोच नाही तर बरं, असं कधी वाटतं का? जीव द्यावा असं मनात आलं का? किती वेळा? कसा, कधी, काही ठरवलंयस का? याआधी काही केलं होतंस का? ठरवलंय असं उत्तर आलं, किंवा आधी एकदा झालेलं असेल, तर त्या पोराला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, संडासलासुद्धा सिस्टर बरोबर जाईल. घरच्यांना आत घ्यायचं, १०८ बोलवायची, कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी फोन करून मगच पाठवायचं. ठरवलेलं नसेल तरी बापाला एक काम सांगायचंच: फवारणीचं औषध आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आजच्या आज शेजाऱ्याच्या घरी कुलपात. ‘लपवून ठेवा’ म्हणायचं नाही, घरातली लपवायची जागा पोराला बापापेक्षा जास्त ठाऊक असते. तो वाईट क्षण बरेचदा तासाभराचा असतो. त्या तासात हाताशी काही नसणं हाच मोठा उपचार.

बाप पोलिसांना घाबरून पोराला घरी पळवून नेतो, हेही बघशील. त्याला सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि शिक्षेचं जुनं ३०९ कलम नव्या न्यायसंहितेत ठेवलेलंच नाही. विषाची केस म्हणून दवाखान्यात नोंद होते, पोलीस येऊन विचारतात, ते खरं. पण पोराला तुरुंगात नेत नाहीत.

मनाचं कळलं म्हणून शरीर सोडू नकोस. मी पुढे उलटी चूक केली, प्रत्येक मरगळीत मन शोधत बसले आणि एका मुलीचा सिकलसेल माझ्या नजरेतून सुटलाच होता. लॅबवाल्या दादांनी आठवण करून दिली म्हणून सापडला. हिमोग्लोबिन, सिकलसेलची सोल्युबिलिटी, जमेल तेव्हा थायरॉइड, खोकला जुना असेल तर बेडका. मुलीची पाळी विचार, आणि लाजू नकोस, गर्भाचीही तपासणी कर. मिरगीच्या मुलाला वर्षानुवर्षं फेनोबार्बिटोन चालू असेल तर त्या गोळीनेच तो मलूल आणि चिडका झालेला असू शकतो.

कधी आणि कोणाला जास्त सांभाळायचं, हे इथल्या वर्षाच्या चाकावरून कळतं. आश्रमशाळेत नव्याने आलेली पाचवी-सहावीची पोरं जूनमध्ये रडतात, ते ऑगस्टपर्यंत बहुतेकांचं थांबतं. ज्याचं थांबत नाही, त्याच्याकडे बघ. भात कापून झालं, दिवाळी झाली की आईबाप भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातात ते होळीलाच परततात. सुट्टीहून परतलेल्या पोराच्या मागे घराला कुलूप असतं, शनिवारी भेटायला येणारं कोणी नसतं. डिसेंबर-जानेवारीत माझ्या ओपीडीतल्या डोकेदुख्या वाढायच्या त्या थंडीने नव्हे. दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन आठवडे नापास झालेल्यांची यादी शाळेकडून मागवून घे आणि आशांना घरोघर पाठव. यासाठी कुठला जीआर लागत नाही.

मग खलाशांची पोरं. डहाणू-तलासरीचे बाप्ये ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात, आणि त्यांतले काही समुद्रातली रेघ ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तावडीत सापडून कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात. अशा घरातल्या थोरल्या पोराला मी ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटलं होतं. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. त्याला बाप मेलाय की जिवंत हे माहीत नव्हतं, रडायचं की वाट बघायची हेही नाही. तिथे गोळी चालत नाही. तिथे मत्स्यव्यवसाय खात्यात यादीत नाव आहे का, याचा शोध घेणारा एक माणूस लागतो. ग्रामपंचायतीचा शिपाई लागतो, शिक्षक लागतो, तू नाही लागलीस तरी चालेल.

आणि भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलायला लागली, मोठा धक्का १ फेब्रुवारी २०१९ ला बसला. पण धक्क्यांपेक्षा जमिनीतून येणाऱ्या आवाजाने पोरांची झोप गेली. शाळेची पोरं थंडीत तंबूत झोपायची. तेव्हा सहा-सात वर्षांची असलेली पोरं आता तुझ्याकडे तेरा-चौदाची होऊन येणार. रात्री कशाने दचकतोस, हे विचारायला विसरू नकोस.

आता उपचार. सगळ्यात आधी घरच्यांना समजावणं, कारण ते ‘आळशी’ म्हणणं थांबलं नाही तर बाकी सगळं वाया. मेंदूतली रसायनं वगैरे मी पहिली दोन वर्षं सांगायचे, माणसं नम्रपणे ऐकायची आणि भगताकडे जायची. मग उधव्याच्या बाजूच्या एका आजोबाने माझं काम केलं. नातू बसून असतो म्हणून सून कावली होती. आजोबा तारपा वाजवणारे. म्हणाले, ‘भोपळा फुटला नाय, नळी मोडली नाय. मेण सुटलंय. फुंकून काय होईल?’ तारप्याच्या जोडाला मेण लावतात ना, ते सुटलं की कितीही दम असला तरी सूर धरत नाही. त्यानंतर मी प्रत्येक आईबापाला तेच सांगितलं: पोर शाबूत आहे, मेण सुटलंय, आपण परत लावू, वेळ लागेल, तोवर फुंकायची जबरदस्ती नको.

मेण लावायचं कसं? वाटतं तेवढं अवघड नाही, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात संगथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून पाहिले. २०१० आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासांत सरकारी केंद्रांत येणाऱ्या मोठ्या माणसांना याचा फायदा झालेला दिसला. नंतरच्या अभ्यासात सहा ते आठ बैठकांत काम होतं, आणि त्याचा गाभा एकच: माणूस जे करायचं सोडून बसलाय ते थोडं थोडं परत करायला लावायचं. मन सुधारलं की काम करू, असं नाही. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. आपल्या शेजारी, नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात, ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातलीच माणसं तयार करून असलं काम केलं.  तिथे जमलं ते तुझ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला (सीएचओ) आणि दोन चांगल्या आशांना का जमू नये?

मी काय करायचे ते सांगते. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकच काम लिहायचं. एकच. ‘रोज अंघोळ करून मैत्रिणीबरोबर नळावर जाणे.’ ‘संध्याकाळी मैदानावर उभं राहणे, खेळायलाच पाहिजे असं नाही.’ दोन कामं लिहिलीस की एक राहतं, आणि राहिलेलं काम पोराला बोचत बसतं. पुढच्या खेपेला त्याच कागदावर किती दिवस झालं त्याच्या रेघा ओढायच्या. सात दिवसांत तीन रेघा आल्या तर शाबास म्हण, चार का नाही विचारू नकोस.

दुसरं, अडचण शोध. पोराचं दुःख आभाळाएवढं दिसतं, पण त्याच्या बुडाशी पुष्कळदा एखादा हातात मावणारा दगड असतो. बारावीच्या एका मुलाची झोप जातीच्या दाखल्यावर उडाली होती. तलाठ्याकडे तीन हेलपाटे, प्रत्येक हेलपाट्याला बापाची मजुरी बुडायची आणि बाप त्याच्यावर ओरडायचा. आम्ही कागदावर मांडलं: कोणाला भेटता येईल, कोण बरोबर येईल, पहिल्यांदा कुठे जायचं. दाखला मिळायला दोन महिने लागलेच. पण झोप दुसऱ्याच आठवड्यात परत आली.

बोलतच नसेल तर बोलायला लावू नकोस. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, ते लहानपणी आई गेल्यावर बोलायचेच बंद झाले आणि मातीत चित्रं काढून सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. हे ऐकून मी उत्साहाने टेबलावर कागद आणि खडू ठेवले. पहिलाच मुलगा म्हणाला, ‘मला चित्र येत नाय.’ वारल्याच्या प्रत्येक पोराला चित्र यायलाच हवं हा आपला शहरी भ्रम. त्याला मोटारसायकलच्या इंजिनात रस होता; आमच्या अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने बॉनेट उघडून दाखवलं आणि तिथे उभ्याउभ्या तो वीस मिनिटं बोलला.

गोळ्यांबद्दल नीट ऐक, कारण इथेच घात होतो. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलम किंवा डायझेपाम देऊ नकोस, एक पट्टीसुद्धा. फार्मसीत अॅमिट्रिप्टिलिन असते, डोकेदुखीसाठी हात तिकडे जातो. खचलेल्या पोराच्या हातात ती पट्टी कधीही देऊ नये. पोरांच्या नैराश्यावर तिचा उपयोग नाही, आणि जास्त गेली तर थेट हृदयावर जाते. जागतिक आरोग्य संघटनेचं प्राथमिक केंद्रांसाठीचं मार्गदर्शन सांगतं की बारा वर्षांखाली नैराश्यासाठी औषध नाहीच. त्यापुढे आधी बोलण्याचे उपचार, त्याने भागलं नाही तर फक्त फ्लुओक्सेटिन, आणि तेही तज्ज्ञाला विचारून. विचारायचं म्हणजे खरंच फोन करायचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी कुठे बसतात ते विचारून भिंतीवर लिहून ठेव. सुरुवात लहान डोसने होते, बहुधा दहा मिलिग्रॅम. स्टॉकमध्ये वीसचीच कॅप्सूल असेल तर ती उघडून निम्मी करायचा शोध स्वतः लावू नकोस, तेही विचार. घरात कोणाला मध्येच वेड्यासारखा जोर चढायचा, उधळपट्टी, न झोपता दिवस काढणं, असा इतिहास असेल तर ते तज्ज्ञाला आधी सांग. गोळ्या एका वेळी सातच, आणि आईच्या हातात. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थपणा वाढला, पोर येरझाऱ्या घालायला लागलं, मरणाचे विचार जास्त आले तर त्याच दिवशी बोलाव. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात हे पहिल्या दिवशी सांग, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात गोळ्या ओढ्यात जातात. आणि बरं वाटलं की लगेच थांबवायच्या नाहीत, त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर घ्यायच्या.

तलासरीचे पुष्कळ पेशंट तुझ्याआधी वापी-सिल्वासाला जाऊन आलेले असतात. पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला सांग. चिठ्ठी गुजरातीत असते, सिस्टरना वाचता येते.

भगताशी भांडू नकोस. मी एकदा भांडले, तीन पाडे माझ्याकडे यायचे थांबले. आता मी म्हणते, भगताकडे जा, पण पोराला उपास नको, मार नको, चटका नको, आणि भुताळी म्हणून कोणा बाईचं नाव घेतलं तर मी गप्प बसणार नाही. माझ्या ओळखीचे एक भगत मग स्वतःच पोरं पाठवायला लागले. ‘हिला देव नाय लागला, हिला ताप हाय मनाचा,’ म्हणायचे. माझ्यापेक्षा त्यांचं निदान लवकर व्हायचं.

आश्रमशाळेत एका मुलीच्या अंगात आलं आणि मागोमाग दहाजणींच्या, असं झालं तर धावत जाऊन सगळ्यांना सलाईन लावू नकोस. गर्दी हटव, दिवे लाव, स्वयंपाक वेळेवर होऊ दे. दोन दिवसांनी पहिल्या मुलीला शांतपणे एकटं भेट. तिथे बहुधा काहीतरी असतं. आणि अधीक्षकांना कधीही ‘हिला मानसिक आहे’ असं सांगू नकोस; सकाळपर्यंत शाळाभर होतं. ‘उपचार चालू आहेत, हिचा बिछाना मैत्रिणीशेजारी हलवा, आजारी खोलीत एकटी ठेवू नका, घरी पाठवायची असेल तर आधी मला विचारा,’ एवढं सांगितलंस तरी पुरे. ऐकणारे अधीक्षक मिळतात. न ऐकणारेही मिळतात, तिथे स्वयंपाकीणबाईला धर.

टेलिमानस ठाऊक आहेच, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पण पोराला नुसता नंबर देऊन पाठवू नकोस. पाड्यावर रेंज नाही, फोन भावाचा, भाऊ शेजारी बसलेला. पहिला फोन तुझ्या खोलीतून, तुझ्या फोनवरून लावून दे आणि बाहेर जाऊन उभी राहा. ग्रामीण रुग्णालयात किशोरांसाठीचं ‘मैत्री’ क्लिनिक असेल तर तिथल्या समुपदेशकाचं नाव माहीत करून घे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, पण इथून ठाणं म्हणजे दिवसाची मजुरी, भाडं आणि ‘वेड्याच्या दवाखान्यात नेली’ हा शिक्का. लागेल तेव्हा पाठव, पण कोणाबरोबर, कुठल्या गाडीने, तिथे कोणाला भेटायचं, हे चिठ्ठीवर लिहून.

राहता राहिलं परत बोलावणं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ‘बरं नाही वाटलं तर ये’ म्हणू नकोस. खचलेलं पोर बरं नसताना येतच नाही, झोपून राहतं. तारीखही देऊ नकोस, घरात कॅलेंडर असतंच असं नाही. बाजाराचा दिवस दे. त्या दिवशी जीप असते, आई मिरच्या घ्यायला येणारच असते, दवाखान्यात येणं कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पहिले सहा बाजार दर आठवड्याला, मग एक सोडून एक. आलं नाही तर दुसऱ्या दिवशी आशाला पाठव, पण त्याच पाड्यावरची नको, शेजारच्या पाड्यावरची. भावकीत बातमी फुटते. आल्यावर नवीन काही करायला लागतं असं नाही. कागदावरच्या रेघा मोज, झोपेची बोटं मोज, मरणाचं पुन्हा विचार, पुढचं एक काम लिही. सात-आठ मिनिटं होतात. ओपीडीत ऐंशी माणसं असली तरी सात मिनिटं निघतात, मी काढलीत.

तालुका आरोग्य अधिकारी साहेबांच्या मीटिंगा नेमक्या बाजाराच्या दिवशी लागतात. तशी लागली तर आदल्या संध्याकाळी सिस्टरना त्या पोराचं नाव, कागद आणि विचारायचे चार प्रश्न लिहून दे. एकदा माझं ते राहिलं. एक मुलगी चौथ्या बाजाराला आली, खुर्ची रिकामी पाहून दारात अर्धा तास उभी राहिली आणि निघून गेली. सिस्टरनी संध्याकाळी सहज सांगितलं. मी त्याच रात्री ड्रायव्हरला उठवून पाड्यावर गेले. ती जागीच होती; केसपेपर तिने घडी करून उशीखाली ठेवला होता, मागे पाच रेघा ओढलेल्या होत्या, स्वतःच.